चांदा फोर्टचं तिकीट

चुलीवर भात असेल तर आच थोडी मंद करा, निवडायची डाळ समोर घ्या आणि बसा. आज आम्ही तुम्हाला आमच्या सहलीची गोष्ट सांगणार आहोत. सहल दोनच दिवसांची, पण तिच्यात तीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि एका जागी कायदाही आहे. तेव्हा अर्ध्यातून उठू नका.

आम्ही लाखनीच्या बाजूच्या एका बचत गटाच्या अकरा जणी. मासिक बैठकीत वसुली झाली, वही बंद केली आणि सहज एक प्रश्न निघाला : लग्न, बारसं, मयत, दवाखाना आणि देवदर्शन एवढं सोडून आपण शेवटचं कुठं गेलो होतो? सगळ्या गप्प. एकीनं सांगितलं, माहेरी. दुसरी म्हणाली, माहेरी जाणं म्हणजे काय फिरणं असते काय, तिथंही भांडे आपणच घासतो. सगळ्या हसल्या. पण हसता हसता ठरलं, की एकदा जायचं. कोणाचा नवस नाही, कोणाचं लग्न नाही, फक्त पाहायला जायचं.

गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. वेगळी वही केली. दर आठवड्याला प्रत्येकीनं २० रुपये. वर्षभरात एकेकीचे १,०४० रुपये झाले. पॅसेंजर गाडीचं तिकीट, दोन रात्री धर्मशाळेत, एक वेळचं जेवण बाहेर आणि ऑटोचं भाडं, एवढ्याला ते पुरले. बाकी घरून पोळ्या, तिखट-मीठाच्या पुऱ्या आणि लाखोळीच्या डाळीचे वडे नेले होते.

मग घरोघरी प्रश्न सुरू झाले. कोणत्या देवाला चालल्या? देवाला नाही तर कशाला चालल्या? चंद्रपूरला पाहण्यासारखं आहे काय, कोळसा? जायचंच तर ताडोबाला जा, वाघ तरी दिसेल! आमच्यातली सगळ्यात वडीलधारी मावशी, विधवा, साठीच्या पुढची, तिनं एका घरी उत्तर दिलं, "वाघ घरी रोज पायतो बापा, आता जरा राजाचा कोट पाहू दे."

अकरा जणी निघणार होतो, पण दहाच निघालो. अकराव्या मैत्रिणीची पिशवी भरून तयार होती. आदल्या रात्री घरून नाही आलं. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

धानाची मळणी आटोपली होती. शुक्रवारी दुपारी लाखनीहून साकोली, साकोलीहून सौंदड. तिथून गोंदिया–बल्लारशा लाईनची गाडी पकडली. अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. वडसा आलं तसे आमच्यातल्या दोघी खिडकीला गेल्या. झाडीपट्टीतली नाटकं जिथून निघतात ते हेच गाव, म्हणून. नागभीडच्या पुढे जंगल लागलं आणि अंधारही. तिकिटावर आमच्या उतरायच्या स्टेशनचं नाव होतं 'चांदा फोर्ट'. एका पोरीनं विचारलं, आपण तर चंद्रपूरला चाललो ना? चंद्रपूर म्हणजेच चांदा. जिल्ह्याचं नाव १९६४ साली चंद्रपूर झालं. स्टेशननं मात्र जुनं नाव सोडलं नाही आणि त्यातला किल्लाही सोडला नाही.

हा किल्ला डोंगरावर नाही. अख्ख्या जुन्या शहराभोवती दगडी कोट आहे. त्याला चार मोठे दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. आणि पाच लहान दारं, त्यांना खिडक्या म्हणतात : बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसण खिडकी. मसण खिडकीतून काय जात असेल हे नावावरूनच कळतं. शनिवारी सकाळी आम्ही जटपुरा दरवाज्यासमोर उभ्या राहिलो. आजूबाजूनं स्कूटर, ऑटो, ट्रक, आणि मधे दगडाचा हा थोरला दरवाजा. त्यावर हत्तीला धरलेला सिंह कोरला आहे. गोंड राजांची ती खूण. अर्धा शहर रोज त्याच्याखालून जातं आणि वर पाहत नाही. आम्ही दहा जणी माना वर करून पाहत होतो, तर दोन-चार लोक थांबून आमच्याकडे पाहू लागले.

हा कोट कसा झाला याची कथा चांद्याला घरोघरी सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह बल्लारपूरला राहायचा. काळ पाच-साडेपाचशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर गळवं होती, काही केल्या बरी होत नव्हती. शिकारीला गेला असता झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात त्याला पाणी दिसलं. त्यानं तोंड-हातपाय धुतले. रात्री गाढ झोप लागली. सकाळी राणीनं पाहिलं तर अंगावरची गळवं गेलेली. राणी तिथंच थांबली नाही. कोणतं पाणी, कुठं, मला दाखवा, म्हणाली. दोघं परत गेले, त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एकदा राजानं अजब पाहिलं, ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे. घरी येऊन राणीला सांगितलं. राणी म्हणाली, ज्या वाटेनं ससा धावला त्या वाटेनं कोट बांधा, आत शहर वसवा. ज्या भूमीत ससा कुत्र्याला पळवतो ती भूमी बळाची. कोटाचं काम सुरू झालं आणि पुढच्या राजांच्या काळात पूर्ण झालं.

ही दंतकथा आहे. ससा-कुत्र्याची गोष्ट आपल्या देशात पुष्कळ गावांच्या जन्माशी जोडलेली आहे. पण बायांनो, या कथेतला एक धागा आम्हाला खरा वाटला. रोग बरा झाला हे आधी कोणाला दिसलं? नवऱ्याच्या अंगाकडे रोज पाहणाऱ्या बाईला. पाण्याची चौकशी कोणी केली? तिनंच. दवाखान्याचे कागद पिशवीत घालून फिरणाऱ्या आपण सगळ्या जणी तिला ओळखतो.

कोटाच्या कडेकडेनं आम्ही जमेल तेवढ्या चाललो. काही ठिकाणी बुरूज छान मोकळे आहेत. कित्येक वर्षं तिथं झाडझुडूप आणि कचरा होता. २०१७ पासून चंद्रपूरच्या इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी श्रमदान करून हा कोट साफ करायला घेतला. वारसा वाचवायला दर वेळी मोठा निधीच लागतो असं नाही. कुदळ, टोपलं आणि रोजची हजेरी लागते. आपल्या गटासारखंच आहे ते.

दुपारी बाबूपेठ-लालपेठच्या बाजूला गेलो. तिथं उघड्यावर काळ्या दगडाच्या अवाढव्य मूर्ती जमिनीवर आडव्या पडल्या आहेत. दहा तोंडांची एक आहे, लोक तिला रावण म्हणतात. खरं तर ती देवी आहे, दुर्गा. रायप्पा नावाच्या एका कोमटी सावकारानं मोठं शिवालय बांधायचं मनात आणलं, मूर्ती घडवून घेतल्या, आणि देऊळ उभं राहण्याआधीच तो गेला. मूर्ती तशाच राहिल्या. आमची मावशी त्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "पाय, बाईले लोकं रावण म्हणून रायले. दहा तोंडं पायली, पण कोणाची तं नाई पायली."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रविवारी सकाळी आम्ही अंचलेश्वर दरवाज्याजवळच्या गोंड राजांच्या समाध्या पाहायला गेलो. शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली जागा आहे, स्वच्छ आहे. बऱ्याच समाध्या आहेत, पण डोळ्यांत भरते ती एकच. मोठी, घुमटाची, भक्कम. ती राजा बीरशाहची. बांधली कोणी? त्याच्या राणीनं. तिचं नाव हिराई.

पुरुषानं बायकोसाठी बांधलेला ताजमहाल आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथं उलट आहे, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलं आहे. एवढं ऐकून आम्ही खूश झालो आणि फोटो काढले. मग पूर्ण गोष्ट ऐकली आणि खाली गवतावर बसलो.

काळ इ. स. १७०० च्या आगेमागेचा. बीरशाह आणि हिराईला एकच मुलगी, मानकुंवर. तिला देवगडच्या राजघराण्यात दिली होती, दुर्गपाल नावाच्या राजपुत्राला. इथं जरा थांबा. देवगड म्हणजे आपल्याकडचंच गोंड राज्य. ज्या बख्त बुलंदशाहनं नागपूर वसवलं तो देवगडचाच राजा. तुमसरकडचा आंबागड किल्ला त्याच्याच सुभेदारानं, राजखान पठाणानं, बांधला. आपल्या भंडाऱ्याकडचा बराचसा मुलूख तेव्हा देवगडच्या सत्तेखाली होता. म्हणजे या गोष्टीत चांदा हे मुलीचं माहेर आणि आपण सासरची माणसं.

सांगतात, की सासरी मानकुंवरचा अपमान झाला. तिनं बापाला कळवलं. बीरशाहनं महाकालीला नवस केला, की जावयाचं डोकं तुझ्यापुढे आणीन. लढाई झाली, दुर्गपाल मारला गेला आणि नवस फेडला गेला. कथा तिथून पुढे तलवारींचीच होते. मुलीचा अपमान भरून निघाला म्हणतात, पण मुलगी विधवा झाली. आमच्यातल्या एका ताईची लेक सासरी त्रासात आहे. ती हळूच म्हणाली, "तिनं सांगितलं होतं ते ऐकायला पाहिजे होतं. डोकं आणायला कोणी सांगितलं होतं?"

पुढचा भाग असा. बीरशाहला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं दुसरं लग्न करायचं ठरवलं. हिराई जिवंत, घरात. लग्नाच्या दिवशीच हिरामण नावाच्या त्याच्या एका रजपूत माणसानं त्याला मारलं, अशी कथा आहे. सकाळी जिच्यावर सवत येणार होती ती संध्याकाळी विधवा झाली. गादीला वारस नाही, दरबारात सरदार, दिल्लीला औरंगजेबाची बादशाही, शेजारी देवगडशी ताजं वैर.

अशा वेळी हिराईनं काय केलं? चांदनखेड्याच्या घराण्यातला एक मुलगा दत्तक घेतला, रामशाह. त्याला गादीवर बसवलं आणि तो जाणता होईपर्यंत कारभार स्वतः पाहिला. राज्य टिकवलं. नवऱ्याची समाधी बांधली. महाकालीचं मंदिरही तिचंच काम मानतात, अंचलेश्वराच्या देवळाची डागडुजीही. रामशाह पुढे चांगला राजा निघाला. शहरातला रामाळा तलाव आजही त्याचं नाव सांगतो. अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतलं, तेव्हा गोंडांचं राज्य संपलं. पण मधली ती वर्षं हिराईनं आणि तिनं निवडलेल्या मुलानं मिळवून दिली.

आता आमच्यात वाद लागला. जो सवत आणायला निघाला होता त्याची एवढी मोठी समाधी तिनं का बांधली?

एक म्हणाली, प्रेम. दुसरी म्हणाली, कसलं प्रेम, लोकलाज. तिसरी, जी ग्रामपंचायतीत सदस्य होती, ती म्हणाली, हे राजकारण आहे : समाधी म्हणजे शिक्का. गादी त्याची होती, आता ती मी सांभाळते, हे तिनं दगडात सांगितलं. मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझा मालक गेला तेव्हा तेराव्याच्या दिवशी दिरानं सगळ्यांसमोर हिशोब मागितला. मयतीले किती आले, किती लागले, उरले ते कुठं ठेवले. तवापासून मी एक एक कागद ठेवतो. हिराईलेही कोणी तरी विचारलं असन, त्याचा पैसा कुठं गेला म्हणून. तिनं बांधून दाखवलं. घ्या म्हणे, पाहा."

खरं कारण दगडाला माहीत. पण त्या सकाळी आम्हाला मावशीचं कारण सगळ्यात जवळचं वाटलं.

राणी दुर्गावती आपल्याला माहीत आहे. गढा-मंडल्याची. १५६४ साली अकबराच्या फौजेशी लढता लढता तिनं प्राण दिले. तिचे पुतळे आहेत, जबलपूरच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. तिनंही लहान मुलासाठी कारभार केला होता, पण लोकांना आठवते ती हत्तीवरची लढाई. हिराई लढाईत मेली नाही. ती जगली, वसुली पाहिली, वारस वाढवला, बांधकामं केली, आणि म्हणून चंद्रपूरच्या बाहेर तिला फारसं कोणी ओळखत नाही. मरून दाखवलं तर इतिहासात मोठी जागा मिळते, जगून घर चालवलं तर लहान. आमचं म्हणणं एवढंच, की दोघींनाही सारखी जागा द्या.

आणि इतिहासात बाई आली म्हणजे ती प्रत्येक वेळी आपल्या बाजूचीच असते, असंही समजू नका. समाधीवरून आम्ही चांद्याच्या तुरुंगाच्या बाजूला गेलो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी हा कोट तोफांनी फोडून शहर घेतलं होतं. चाळीस वर्षांनी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके त्यांच्याविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना या तुरुंगात फाशी दिली. त्यांना पकडून इंग्रजांच्या हाती देणारी कोण होती? अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. तीही कारभार सांभाळणारी बाईच होती. हातात सत्ता आली की ती कोणासाठी वापरायची हा प्रश्न बाईलाही सुटत नाही. गटाच्या अध्यक्ष-सचिवांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

शेवटी महाकालीला गेलो. चैत्रात इथं मोठी यात्रा भरते, नांदेडकडून, मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक पायी येतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. घरी सगळ्यांनी विचारलं होतं ना, कोणत्या देवाला चालल्या? म्हणून एकेकीनं प्रसादाची पुडी घेतली. पुरावा म्हणून.

परतीच्या गाडीत आमच्या गटातली एक गोंड समाजाची वहिनी खिडकीशी गप्प बसली होती. मूल गेल्यावर ती बोलली. "आमच्यात राणीनं वारस निवडला, राज्य चालवलं. आणि माझ्या बापाच्या जमिनीत माझं नाव लावायचं म्हटलं तर भाऊ म्हणतात, आपल्यात पोरीले नसते."

इथंच ती कायद्याची गोष्ट येते, नीट ऐका. वडिलांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, हे महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं झालं. पण हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथं रूढी पाहतात. आणि रूढी काय ते सांगणारे बहुतेक पुरुषच असतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगढच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला. मुलींना वाटा नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर बाईला आणि तिच्या वारसांना वाटा नाकारता येणार नाही, तसं करणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे "आपल्यात नसते" एवढं तोंडी म्हणणं आता पुरेसं नाही. वहिनीनं तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जायचं ठरवलं आहे. तिथं बायांना वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. आमच्यातली एक तिच्यासोबत जाणार आहे.

आणि ज्या मैत्रिणींची जमीन नवऱ्याच्या नावावर आहे त्यांनी लक्ष्मी मुक्ती योजना लक्षात ठेवा. नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ही हाक दिली होती, आणि १९९२ मध्ये शासनानं तसा निर्णय काढला. तलाठ्याकडे विचारा. आमच्या गटात आजवर दोघींनी नाव लावलं. चौघींच्या घरी अजून चर्चाच सुरू आहे.

बायांनो, आम्ही चंद्रपूरला गेलो ते फक्त पाहायला. पण पाहता पाहता कळलं, की बाईनं कारभार करणं ही काही बचत गटानं आणलेली नवी गोष्ट नाही. आपल्याच झाडीत तीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं नवरा मेल्यावर घर नाही, राज्य चालवलं. आपल्याला ती शाळेत भेटली नाही एवढंच. तिला भेटायला सौंदडहून अर्धा दिवस लागतो.

राहिली आमची अकरावी मैत्रीण. सोमवारी आम्ही तिच्याकडे प्रसादाची पुडी घेऊन गेलो. ती भात रांधत होती. काय काय पाहिलं, तिनं विचारलं. आम्ही सांगत होतो तर तिचा मालक दारात उभा राहून ऐकत होता. ससा-कुत्र्याची गोष्ट त्याला आवडली. समाधीची गोष्ट ऐकून तो काही बोलला नाही, बाहेर गेला.

तिच्या वाट्याचे १,०४० रुपये आम्ही परत देऊ केले. तिनं घेतले नाहीत. वहीत राहू द्या म्हणाली, माझ्या नावावर. पुढच्या वर्षी पवनीला जायचं ठरलं आहे, वैनगंगेच्या काठी, जुने स्तूप पाहायला. पहिलं नाव तिचंच लिहिलं आहे.

मैत्रिणी, तू आत्ता ऐकत असशील तर ऐक. पिशवी भरून ठेव. आणि तुझा मालक ऐकत असेल, तर भाऊ, नमस्कार. दोनच दिवसांचा प्रश्न आहे.